हजार बायकांतली एक

शनिवार, ७ जानेवारी २००६

सकाळी पेपर उघडला आणि डोकं फिरलं. पहिल्याच पानावर चौकट: ‘८७ टक्के पुणेकरांचा हेल्मेटला विरोध.’ कुठून काढले हे ८७ टक्के? तर वाचकांनी मोबाइलवरून मेसेज पाठवले, ते यांनी मोजले. म्हणजे ज्याच्याकडे मोबाइल आहे, ज्याला मेसेज टाकता येतो, जो आधीच चिडलेला आहे आणि ज्याला सकाळी दुसरा उद्योग नाही, तो पुणेकर. बाकीचे आम्ही बहुधा साताऱ्याहून आलेलो.

चौतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. नमुना कसा घ्यावा, कुणातून घ्यावा आणि ज्यांच्यातून घेतला त्यांच्यापलीकडे कुणाबद्दल बोलू नये, एवढं दर जूनमध्ये नव्या पोरांना नव्याने सांगितलं. त्यातलीच कुणीतरी पोरं आता ही चौकट छापत असणार. शिसारी येते. संपादकांना पत्र लिहिलं. छापणार नाहीत, याआधीचीही छापली नाहीत.

हेमा म्हणाली, “अहो, चहा गरम आहे तोवर प्या. ८७ टक्के कुठे पळून जात नाहीत.”

रविवार, १५ जानेवारी

सौमित्र आणि सूनबाई वल्लरी जेवायला आले होते. चिरंजीव हिंजवडीला एका कंपनीत आहेत. तिथे काय करतात ते मला अजून कळलेलं नाही. त्यांना कळत असावं. राहतात बाणेरला, अकराव्या मजल्यावर, जिथे खाली पोहण्याचा तलाव आहे आणि वर नळाला पाणी नाही.

आज नवीन टूम. कंपनी म्हणे कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांची आरोग्य तपासणी करून देते. “बाबा, बेनिफिट आहे. मार्चच्या आत नाही वापरलं तर लॅप्स होतं.” म्हणजे लॅप्स होऊ नये म्हणून मी रक्त द्यायचं! धडधाकट माणसाला यंत्रात घातलं की काही ना काही निघतंच आणि ते निघावं यासाठीच ही दुकानं उघडली आहेत, हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. तो मोबाइलमध्ये बघत होता.

नवल हेमाचं. दाढ ठणकत असताना दोन आठवडे लवंग धरून बसणारी ही बाई, लगेच म्हणाली, “जाऊन येऊ या की.” कंपनीकडून आहे म्हटल्यावर शहाणीसुरती माणसंही वाहवतात.

मंगळवार, २४ जानेवारी

तपासणी झाली. पॅकेजांची नावं सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. म्हाताऱ्यांची तपासणी आहे की लक्ष्मी रस्त्यावरची सराफी पेढी? आम्ही गोल्ड. टाय लावलेल्या मुली सगळ्यांना ‘अंकल’ म्हणतात. उपाशीपोटी दोन तास बसवून शेवटी हातात थंडगार सँडविचचा डबा दिला. फेकून द्यावासा वाटला, पण भूक लागली होती.

हेमाला आत बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर काउंटरवरच्या मुलीला विचारत होती, “डॉक्टरबाई हाताने बघणार नाहीत का?” मुलगी म्हणाली, “डॉक्टर रिपोर्ट बघतील, काकू. मशीन आहे ना.” हेमा तरीही तिथेच उभी. शेवटी मीच हाक मारली. रिक्षात गप्प होती. पोटात काही नसल्याने असेल.

मंगळवार, ३१ जानेवारी

रिपोर्ट आले. माझं कोलेस्टेरॉल. ते असणारच, माझ्या वयाला नसेल तर माणसाने लाजावं.

हेमाच्या छातीच्या फोटोत उजव्या बाजूला काहीतरी ‘संशयास्पद’ आहे, पुढील तपासण्या कराव्यात, असं छापून आलंय. पुढील तपासणी म्हणजे सुई खुपसून तुकडा काढणं. पुढची गिऱ्हाइकी, दुसरं काय!

ती जरा घाबरलेली वाटली, म्हणून तिला बसवून पाटीवर मांडून दाखवलं. काही तक्रार नसलेल्या, धडधाकट अशा तुझ्या वयाच्या हजार बायका घे. त्यात समजा दहा जणींना खरोखर आजार आहे. यंत्र त्यातल्या नऊ पकडतं. राहिल्या नऊशे नव्वद निरोगी, पण यंत्र काही देव नाही, ते त्यातल्याही नव्वदेक जणींवर उगाच बोट ठेवतं. म्हणजे बोट ठेवलेल्या झाल्या नव्व्याण्णव आणि त्यात खरोखरच्या नऊ. अकरात एक. दहा जणी उगाच घाबरलेल्या आणि एक खरी.

“अहो, पण मला वाटतंय काहीतरी आहे,” ती म्हणाली.

“वाटणं हा पुरावा नाही, हेमा. वाटण्यावरच तर ही दुकानं चालतात.”

“बरं,” म्हणाली. मग विचारलं, “अकरात एक, नक्की ना?” मी म्हटलं, गणित आहे ते. तेव्हा हसली. खरंच हसली. एवढ्या वर्षांत माझ्या विषयाचा घरात पहिल्यांदा काही उपयोग झाला.

गुरुवार, २ फेब्रुवारी

दुपारी पुन्हा मांडून पाहिलं. हजारात दहाऐवजी पाच जणी आजारी धरल्या तर अकरात एकऐवजी एकविसात एक येतं. पाच धरायला काही हरकत नाही. आपल्याकडे हे प्रमाण कमीच असावं.

रविवार, ५ फेब्रुवारी

सौमित्र आला तो तणतणतच. रिपोर्ट त्याच्याकडेही गेलेला, इमेलवर. आईबापांच्या पोटात काय आहे हे आता कंपनीला आधी कळणार, वा! त्याला तीच हजार बायकांची मांडणी दाखवली.

“बाबा, नऊ टक्के कमी नाहीत. नऊ टक्के वेळा क्रॅश होणारं सॉफ्टवेअर आम्ही क्लायंटला देत नाही.”

“तुझी आई सॉफ्टवेअर नाही.”

“म्हणूनच म्हणतोय ना!”

उत्तर बरं होतं, पण आवाज चढवून दिलं. मी म्हटलं, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू, तोवर काही होत नाही. तो हेमाकडे वळला, “आई, तू बोल.” हेमा पोळ्या लाटत होती. म्हणाली, “तुझ्या बाबांनी मांडून दाखवलंय मला.” तो न जेवता गेला. वल्लरी जाताना हेमाजवळ थांबून हळूच काहीतरी बोलली. हेमाने तिच्या पाठीवर हात ठेवला, डावा.

शनिवार, ११ फेब्रुवारी

या वयात मला स्वयंपाकघरात उभं केलंय. कुकर लावायला शिका म्हणे. भाताला पाणी किती, डाळीला किती, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक. मी म्हटलं, हे आजवर अडलं नाही ते आता का? म्हणाली, “मी चार दिवस कुठे गेले तर उपाशी राहाल.” कुठे जाणार आहे ही? माहेरी आता कोणी उरलेलं नाही. भात गिचका झाला. दोन घास खाऊन म्हणाली, “उद्या पुन्हा.”

शिवाय लोणच्याची बरणी, चहासाखरेचे डबे, पोह्याचा डबा, सगळं वरच्या फळीवरून खाली ओट्यावर आलंय. ओट्यावर हात ठेवायला जागा नाही. विचारलं तर म्हणते, वर हात पोचत नाही. इतकी वर्षं पोचत होता!

मंगळवार, १४ फेब्रुवारी

फर्ग्युसन रस्त्यावर लाल फुगे. ओकारी येते.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष गोपाळकृष्ण दामले वाटेत भेटले. विमा कंपनीतून निवृत्त झालेत आणि त्यांना प्रत्येक गोष्टीतलं कळतं. हेल्मेटचा विषय त्यांनीच काढला. “अनंतराव, तीस वर्षं स्कूटर चालवली. डोक्यावर कधी काही घातलं नाही. काय झालं मला?”

“तुम्हाला नाही झालं, दामले. ज्यांना झालं ते संघाच्या सभेला येत नाहीत.”

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा म्हणाले, हेच सगळं संघात येऊन सांगा, व्याख्यान ठेवू. पाच मार्चला, रविवारी. नाही म्हणणार होतो. पण लोकांना सांगायला हवं. पेपरवाले छापत नाहीत तर निदान चाळीस म्हाताऱ्यांना तरी कळू दे.

उदाहरण कुठलं घ्यावं याचा विचार करत घरी आलो. घरातच तयार उदाहरण आहे.

सोमवार, २० फेब्रुवारी

हेमा विचारत होती, “तुमच्या हजार बायका कुठून आणल्या? त्यांना कोणी विचारलं होतं का, तुम्हाला काही होतंय का म्हणून?” तिला म्हटलं, त्या कागदावरच्या आहेत, त्यांना कोण विचारणार. विषय समजून न घेता मधेच फाटे फोडायची शिक्षकी सवय. ही शाळेत भूगोल शिकवायची.

शनिवार, ४ मार्च

उद्याची तयारी. लोकांना आकडे दिसले पाहिजेत म्हणून पांढरे वाटाणे घ्यायचं ठरवलं. हजार वाटाणे मोठ्या परातीत, त्यातले दहा लाल. हेमाला मोजायला बसवलं. वल्लरी एकदा नेलपॉलिश विसरून गेली होती, ती कामी आली.

हेमाने दुपारभर मोजले. फार सावकाश. मधेच हात खाली ठेवायची, दंड चोळायची, पुन्हा सुरू. मी दोनदा म्हटलं की असं केलंस तर उद्याची सकाळ होईल. लाल रंग लावताना विचारते, “हे दहा मीच निवडायचे?” मी म्हटलं, कुठलेही घे, सगळे सारखेच.

मग म्हणाली, “आणि यातली मी कुठली?”

“तू परातीत आहेस, एवढं पुरे,” मी म्हटलं. व्याख्यानात वापरावं असं वाक्य आहे.

रविवार, ५ मार्च

व्याख्यान उत्तम झालं. स्वतःच्या तोंडाने सांगायचं नाही, पण झालं. माइक नेहमीप्रमाणे बंद. दामल्यांनी प्रास्ताविकात पंधरा मिनिटं स्वतःची माहिती दिली. दोघे जण घोरत होते, ते व्याख्यानाआधीपासूनच, त्यामुळे ते माझ्या हिशेबात धरत नाही.

हेल्मेटपासून सुरुवात केली, मग परात काढली. ‘आमच्या परिचयातल्या एका बाई’ असं म्हणून रिपोर्टाची गोष्ट सांगितली. काही तक्रार नसलेल्या हजार बायका, दहा लाल, यंत्राचं बोट. अकरात एक म्हटल्यावर सभागृहात एकदम सुटकेचा निःश्वास ऐकू आला. दोन बायकांनी पर्समधून स्वतःचे रिपोर्टच काढले.

शेवटी प्रश्न. पहिले तीन प्रश्न नेहमीचे, म्हणजे प्रश्न नव्हतेच, भाषणं होती. मग हेमाची मैत्रीण प्रेमला उठली. शाळेत शिवण शिकवायची. अगदी सावकाश, एकेक शब्द सांभाळत म्हणाली, “सर, समजा त्या बाईंना फोटो काढायच्या आधीपासूनच हाताला गाठ लागत होती. पण त्या कुणाला बोलल्या नाहीत. तर तुमचं अकरात एक तसंच राहतं का?”

इतका नेमका प्रश्न मला एम. एस्सी.च्या वर्गातही कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “अजिबात नाही! मी सुरुवातीलाच काय म्हणालो? काही तक्रार नसलेल्या हजार जणी. गाठ लागणारी बाई या परातीतली नाहीच. तिची परात वेगळी आणि तिच्यात लाल वाटाणे पुष्कळ जास्त.”

“मग तिने काय करावं?”

“उद्या सकाळी डॉक्टरकडे जावं. आणि कोणी तिला हे अकरात एक ऐकवून घरी बसवत असेल, तर तो गाढव आहे.”

मोठा हशा. दामलेसुद्धा हसले. हेमा तिसऱ्या रांगेत, प्रेमलाच्या शेजारच्या खुर्चीवर होती. ती हसली नाही. माझे विनोद तिला घरी ऐकून पाठ झालेत.

एका शिवणाच्या बाईला असा प्रश्न सुचतो कसा, याचं मला घरी येईपर्यंत नवल वाटत होतं. मांडणी स्वच्छ असली की श्रोत्याचं डोकंही स्वच्छ होतं, दुसरं काय.

सोमवार, ६ मार्च

हेमा सकाळीच प्रेमलाबरोबर बाहेर पडली. प्रेमलाच्या भाचीला स्वारगेटला गाडीत बसवून द्यायचं होतं. आली ती दीड वाजता. शनिवार पेठेतून स्वारगेटला जाऊन यायला सबंध सकाळ! एवढ्या वेळात भाची कोल्हापूरला पोचली असती. रस्ते खणून ठेवलेत आणि त्यावर पुन्हा मोटारी, घरटी दोन. आयटी आली आणि चालायला जागा राहिली नाही. महापालिकेला पत्र लिहिणार आहे.

कुकर मीच लावला. भात आज बरा झाला होता. हेमाने काही नावं न ठेवता खाल्ला. विचारलं, भाची कुठल्या गाडीने गेली? म्हणाली, “लागली होती त्या.”

गुरुवार, ९ मार्च

हेमा पडूनच असते. कूस बदलताना कण्हते. काय झालं विचारलं तर ‘काही नाही, पाठ’. प्रेमला रोज येते आणि दोघी दार लोटून बोलतात. माझ्याच घरात मी बाहेरच्या खोलीत. हिंगाची डबी सापडेना, पण विचारायची सोय नाही.

गुरुवार, १६ मार्च

काय लिहावं कळत नाही. तरी लिहितो.

दुपारी तीन वाजता सौमित्र आणि वल्लरी आले. कामाच्या दिवशी, ऑफिसच्या कपड्यांत. गळ्यात ओळखपत्रांचे ते पट्टे तसेच. प्रेमला आधीच येऊन बसली होती. मी म्हटलं, कंपनी बुडाली की काय? कुणी हसलं नाही.

सौमित्र म्हणाला, “बाबा, बसा.”

मी बसलेलोच होतो.

हेमाने सहा तारखेला तुकडा तपासायला दिला होता. स्वारगेट नव्हतं, भाची नव्हती. आजार आहे. शंका नाही, ‘संशयास्पद’ नाही. आहे.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “लॅब कुठली? या लॅबचं चुकायचं प्रमाण काय आहे ते आधी विचारायला हवं.” वल्लरीने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढचं बोलवेना. सून माझ्याकडे किळसेने बघत होती आणि तिचं बरोबर होतं.

मग हेमा म्हणाली, “अहो, मला लागत होती ती हाताला. दिवाळीपासून.”

धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करून ठेवाव्यात तसं सांगितलं तिने. दिवाळीपासून.

शुक्रवार, १७ मार्च

ती त्या हजारांत कधी नव्हतीच.

‘काही तक्रार नसलेल्या’ हे मीच म्हटलं होतं. ३१ जानेवारीला म्हटलं, वाटाण्यांच्या वेळी म्हटलं, चाळीस माणसांसमोर ठणकावून म्हटलं. हिला काही तक्रार आहे का, हे विचारायचं राहिलं. मेसेज पाठवणाऱ्यांना पुणेकर समजणाऱ्या त्या पेपरवाल्याने निदान मेसेज तरी मोजले. मी समोर बसलेल्या बाईलाही मोजलं नाही. स्वतःची अशी घाण वाटते की दाढी करताना आरशात बघवलं नाही.

आज तिला विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, वाटणं हा पुरावा नाही.”

“गाठ आहे, असं कुठे म्हणालीस?”

“विचारलंत कुठे?” मग म्हणाली, “खरं सांगू? तुम्ही अकरात एक म्हणालात ना, मला फार बरं वाटलं. रोज आंघोळीला गेले की हाताला लागायची, आणि रोज मी स्वतःला सांगायची, हे म्हणताहेत ना. यांचं गणित चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मलाही तेच ऐकायचं होतं.”

“आणि प्रेमलाने विचारलं ते?”

“माझाच प्रश्न. रिक्षात पाठ करून घेतला तिच्याकडून. दोनदा चुकली.”

“घरीच का नाही विचारलास?”

“घरी तुम्ही मला शिकवलं असतंत. परक्या बाईला तुम्ही उत्तर देता.”

भांडी घासून टाकली.

सोमवार, २० मार्च

शल्यचिकित्सक बाईंना भेटलो. तिशीतल्या असतील. त्यांनी आधी हाताने तपासलं, यंत्र नंतर. मी विचारलं, जानेवारीतच आलो असतो तर किती फरक पडला असता? त्या म्हणाल्या, “काका, एका पेशंटबद्दल असं सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित पडलाही असता.”

मला त्यांचा राग आला. आकडा द्यायला काय होतं? आकडा मिळाला असता तर तो घेऊन मी घरी एका कोपऱ्यात बसलो असतो. मग लक्षात आलं की यापेक्षा खरं उत्तर मीही दिलं नसतं. दिलं असतं तर पाच धरून दिलं असतं.

सोमवार, २७ मार्च

आज शस्त्रक्रिया झाली. चार तास. बाहेर लोखंडी बाकं, भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर क्रिकेट आणि खाली पट्टीत ‘तुमचं मत मेसेज करा’. मान वर करावीशी वाटली नाही.

शेजारी भीमराव नावाचे गृहस्थ होते. लोणी काळभोरचे, तिथल्या एका कॉलेजच्या बसवर ड्रायव्हर आहेत. त्यांची बायको कौशल्या दुसऱ्या खोलीत, तोच आजार. बोलता बोलता सौमित्रने त्यांना सांगून टाकलं की बाबा संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. झालं. भीमराव माझ्याकडे सरकले.

“मास्तर, डाक्टरीनबाई म्हनल्या, शंभरातल्या ऐंशी बाया बऱ्या व्हत्यात. खरं हाय का?”

“खरं असेल.”

“मंग आमची हाय का त्या ऐंशीत?”

एरवी याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. फळ्यावर लिहून दिलं असतं: हा आकडा शंभर जणींचा आहे, एकीचा नाही. आज ते तोंडातून निघेना. “मला माहीत नाही,” म्हटलं.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मी आणखी काही सांगेन म्हणून. मग म्हणाले, “तुमाला बी म्हाईत नाही, तर मंग इतकी वर्सं शिकवलं काय?” रागाने नाही म्हणाले. खरंच कळून घ्यायचं होतं त्यांना. मग उठून सौमित्रकडे गेले. सौमित्रने त्यांना चहा आणून दिला. दोघे बराच वेळ बोलत होते, बसच्या गिअरबद्दल.

चारच्या सुमारास डॉक्टरबाई बाहेर आल्या. व्यवस्थित झालं म्हणाल्या. काखेतल्या गाठींचा रिपोर्ट आठ दिवसांनी. माझ्या ओठांवर प्रश्न आला होता, किती टक्के. विचारला नाही. भेटू शकतो का, एवढंच विचारलं.

बुधवार, २९ मार्च

काल हेमा गुंगीत होती. आज शुद्धीवर, उशीला टेकून बसलेली. सकाळी मऊ भात करून नेला. खोलीत वल्लरी होती. मला बघून ती बाहेर गेली. अजून माझ्याशी फारसं बोलत नाही. बोलायचं कारणही नाही.

हेमाचा उजवा हात उशीवर उचलून ठेवलेला, खाली नळी, नळीला पिशवी. चमच्याने भरवायला गेलो तर म्हणाली, “डावा आहे ना मला.” डाव्या हाताने खाऊ लागली. सांडत होतं. मी पुसत होतो. भाताबद्दल काही बोलली नाही.

मी खुर्ची पुढे ओढली. जे बोलायचं होतं ते तोंडात दोनदा जुळवलं, तरी धड जमलं नाही. एवढंच विचारता आलं, “दुखतंय का?”

तिने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं.

“सरासरीइतकं,” म्हणाली.

हे मला मिळायलाच हवं होतं. मी डबा बंद केला नाही, उठलो नाही, पेपर उघडला नाही. बाहेर ट्रॉली गेली. नर्स येऊन पिशवी बघून गेली. मी तसाच बसलो होतो, तिच्याकडे बघत.

बऱ्याच वेळाने तिनेच डावा हात उजव्या खांद्यावर नेला. “इथपासून,” म्हणाली, “इथपर्यंत जळतंय. आणि काखेत कुणी पाटा ठेवल्यासारखं जड. श्वास घेतला की इथे ओढतं. आणि बोटं, ही दोन, बधिर आहेत.”

“आणखी?” मी विचारलं.

“भीती वाटते,” ती म्हणाली.

मी मधे काही बोललो नाही. ती सांगत राहिली.